पीएसएची बाटली पुरात अडकली होती, आता एन्झाइम चालतच नाही. कुणी सांगेल का काय करू?

कळंब्याची_पीएचडी (रात्री ११.४०)

नमस्कार सगळ्यांना. मी कळंब्यात राहते, बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. दोन आठवडे एकाच जागी अडकलेय, म्हणून शेवटी इथं लिहितेय.

माझ्या कामाला रिकॉम्बिनंट, म्हणजे माणसाचं जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेला, ह्युमन पीएसए लागतो. पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतलं तेच प्रोटीन, ज्याचा आकडा पुरुषांच्या रक्ताच्या रिपोर्टवर येतो. जनुकाचं नाव केएलके३. रिपोर्टवर तो आकडा असला तरी मुळात ते एन्झाइम आहे, दुसरी प्रोटीनं कापणारं. निरोगी प्रोस्टेटमध्ये झिंक भरपूर असतं आणि ते या एन्झाइमला दाबून ठेवतं. कॅन्सर झालेल्या भागात झिंक खूप कमी होतं. झिंकला धरून ठेवणारी काही वनस्पतींतली रसायनं मध्ये टाकली तर पीएसएची कापण्याची गती कशी बदलते, एवढंच मला मोजायचंय. थिसिसचा एक चॅप्टर यावर उभा आहे.

तर बाटली मागवली. ५० मायक्रोग्रॅम, कोरडी पावडर, २८ हजार रुपये. मुंबईहून निघाली आणि दोन दिवसांत पंचगंगेचं पाणी चढलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पार्सल पाच दिवस वाटेत कुठंतरी पडून राहिलं. हातात आलं तेव्हा जेल पॅकचं कोमट पाणी झालं होतं. मी ते बघून तिथंच रडले, खोटं कशाला सांगू.

तरी फॉस्फेट बफरमध्ये विरघळवली, छोटे छोटे वाटे (अलिकोट) करून उणे ८० ला ठेवले. आर्जिनिन-प्रोलिन-टायरोसिन-पीएनए हा सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइमनं कापायचा पदार्थ, घेतला. तो कापला गेला की पिवळा रंग येतो आणि ४०५ नॅनोमीटरला मोजता येतो. ३७ अंशांवर तासभर ठेवलं. रेघ सपाट. दोन तास ठेवलं, तरी सपाट. एन्झाइम दुप्पट केलं, तेच. नुसता बफर आणि माझा पीएसए यांत काडीचा फरक नाही.

आमचे सर म्हणतात, उष्णतेनं मेलंय, दुसरी मागव. फेलोशिपचे पैसे चार महिने आले नाहीत. दुसरी मागवायच्या आधी पहिली खरंच वाटेत मेली का, हे कळायला हवंय.

पेठेतला_पोरगा (रात्री ११.५८)

ताई, सरळ कुरिअरचा विषय आहे हा. जेल पॅकचे फोटो काढलेस का? पुरवठादाराला मेल टाक, पूर आला होता म्हणून स्पष्ट लिही. आमची एक अँटिबॉडी अशीच उन्हात राहिली होती, बदलून मिळाली. मागायला लाजू नकोस.

निवृत्त_लॅबवाली (सकाळी ६.१५)

पोरी, रडू नकोस आणि मेलही अजून पाठवू नकोस. आधी मला पाच गोष्टी सांग. बाटलीबरोबर दोन पानी डेटाशीट आलेली असेल, ती काढून समोर ठेव.

प्रोटीन कशात बनवलंय: ई. कोलाय हा जीवाणू, यीस्ट, की माणसाच्या किंवा उंदराच्या पेशी? अमिनो आम्लांचा कुठून कुठवरचा तुकडा आहे? टॅग, म्हणजे प्रोटीन शुद्ध करायला जोडलेली शेपटी, आहे का, आणि असला तर पुढच्या टोकाला की मागच्या? "ॲक्टिव्हिटी" या शब्दापुढं काही आकडा छापलाय का? आणि जेलवर, म्हणजे प्रोटीनं आकारानुसार वेगळी करतो तिथं, पट्टी कुठं दिसते असं लिहिलंय?

कोरडी पावडर चार-पाच दिवस कोमट राहिली म्हणून सहसा मरत नाही. गोठवून वाळवतात ते याचसाठी, आणि अशी पावडर बरेच पुरवठादार साध्या तापमानालाच धाडतात. जीव जातो तो पाण्यात विरघळवल्यावर हयगय झाली तर. त्यामुळं माझा संशय पुरावर नाही.

कळंब्याची_पीएचडी (सकाळी ९.०५)

काकू, सकाळी सहालाच उत्तर दिलंत, मनापासून आभार. डेटाशीट समोर घेऊन लिहितेय.

बनवलंय ई. कोलायमध्ये. तुकडा आयसोल्यूसिन २५ ते प्रोलिन २६१. पुढच्या टोकाला, म्हणजे एन-टर्मिनसला, सहा हिस्टिडिनचा टॅग. शुद्धता ९० टक्क्यांच्या वर. जेलवर ३० किलोडाल्टनच्या आसपास पट्टी, आणि माझ्याही जेलवर तिथंच आली, एकदम स्वच्छ. पावडर फॉस्फेट बफर आणि ट्रेहॅलोजमधून वाळवलेली. ॲक्टिव्हिटीपुढं काहीच नाही. खाली "उपयोग" म्हणून लिहिलंय: वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीनं प्रोटीन ओळखायची चाचणी), इम्युनोजेन (अँटिबॉडी बनवून घ्यायला टोचायचं प्रोटीन), एसडीएस-पेज (तेच जेल).

वरच्या बाजूला मात्र मोठ्या अक्षरांत ह्युमन पीएसए असंच छापलंय. मी तेवढंच बघून मागवली होती.

निवृत्त_लॅबवाली (दुपारी १२.३०)

सापडलं. तुझी बाटली वाटेत मेलेली नाही. ती कधी जिवंतच नव्हती. पुराला आणि कुरिअरवाल्याला दोष देऊ नकोस, आणि स्वतःलाही फार देऊ नकोस. कॅटलॉगमध्ये पीएसए नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि हा फरक कुणी समजावून सांगत नाही. आता सावकाश वाच.

पेशीत पीएसए बनतो तेव्हा तो २६१ अमिनो आम्लांचा असतो. पहिली १७ ही बाहेर पडायचा पत्ता असतात, पेशीतून बाहेर पडतानाच ती कापली जातात. पुढची ७ म्हणजे एन्झाइमला बंद ठेवणारं कुलूप: अलानिन, प्रोलिन, ल्यूसिन, आयसोल्यूसिन, ल्यूसिन, सेरीन, आर्जिनिन. शेवटच्या त्या आर्जिनिनच्या मागं दुसरं एन्झाइम घाव घालतं. प्रोस्टेटमध्ये हे काम पीएसएचा भाऊ केएलके२ करू शकतो, प्रयोगशाळेत ट्रिप्सिननंही होतं. मग उरतात २३७, आणि त्यांतलं पहिलं म्हणजे तुझं आयसोल्यूसिन २५. तुकडा बरोबर आहे, कुलूपही काढलेलं आहे, मग चालत का नाही?

तुझ्या घरात कुणी फेटा बांधत असेल तर त्यांच्याकडं बघ. सगळा फेटा गुंडाळून झाला की शेवटचं टोक आत खोचावं लागतं. ते खोचलं की वळणं घट्ट बसतात. त्या टोकाला कुणी मोठी गाठ मारून ठेवली तर ते आत शिरणारच नाही आणि फेटा ढिलाच राहील. या घराण्यातली सगळी एन्झाइमं, ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, पीएसए, अशीच बांधली जातात. कुलूप कापलं की मोकळं झालेलं आयसोल्यूसिनचं टोक प्रोटीनच्या पोटात शिरतं आणि तिथल्या ॲस्पार्टिक आम्लाला धरतं. ते धरल्यावरच कापणारी खाच नीट आकाराला येते. तुझ्या बाटलीत त्याच टोकाला सहा हिस्टिडिनची गाठ मारलीय. टोक आत जाऊच शकत नाही. तासभर ठेव नाहीतर आठवडाभर ठेव, पिवळा येणार नाही.

टॅग कापून टाकता येईल का, हा पुढचा प्रश्न तुझ्या मनात आला असेलच. टॅग आणि आयसोल्यूसिन यांच्यामध्ये एंटेरोकायनेज किंवा फॅक्टर टेन-ए या कापणाऱ्या एन्झाइमची जागा बरोबर आयसोल्यूसिनला टेकून ठेवलेली असेल, तर त्यांच्या कापण्यानं टोक स्वच्छ मोकळं होतं. थ्रोम्बिनची जागा असेल तर उपयोग नाही, कारण कापल्यावरही ग्लायसिन आणि सेरीन ही दोन पुढं चिकटून राहतात. पुरवठादाराकडून पूर्ण सीक्वेन्स मागवून बघ. पण फार आशा ठेवू नकोस, कारण दुसरी अडचण उरतेच.

ती म्हणजे ई. कोलाय. पीएसएमध्ये दहा सिस्टीन आहेत, त्यांच्या पाच जोड्या जुळून गंधकाचे पाच टाके पडतात. ई. कोलायच्या पोटात हे टाके पडायला पोषक वातावरण नसतं. प्रोटीन गोळे होऊन साचतं, त्याला आपण इनक्लूजन बॉडी म्हणतो. ते गोळे युरियात विरघळवून पुन्हा हळूहळू घडी घालावी लागते. तशी घडी घालून जिवंत एन्झाइम मिळवणारे लोक आहेत, पण ते किचकट काम आहे आणि विकणारा ते काम केल्याचं लिहीत नसेल तर केलं नाही असं धरून चालायचं. जेलवरची पट्टी यातलं काहीच सांगत नाही. जेलवर चढवताना आपण प्रोटीन उकळून त्याची घडी मोडतोच, मग मूळची घडी बरोबर होती की चूक, ते कसं दिसणार? स्वच्छ पट्टी बघून तू निर्धास्त झालीस, मीही नवीन असताना झाले असते.

आणि हो, माणसाच्या खऱ्या पीएसएला एका ठिकाणी साखरेची साखळी लागलेली असते, म्हणून तो जेलवर ३३ किलोडाल्टनच्या आसपास दिसतो. ई. कोलाय ती साखर लावत नाही. तुझी पट्टी ३० ला आली त्याचं कारण तेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुझ्या कामापुरतं आहे. समजा टोक मोकळं असलेलं जिवंत एन्झाइम मिळालं, तरी तुला झिंक मोजायचंय. सहा हिस्टिडिनचा टॅग निकेल धरतो तसा झिंकही धरतो. म्हणून टॅग मागच्या टोकाला असला तरी तुझ्या प्रयोगात तो लुडबुड करणार. तुला बिनटॅगचाच हवा. फॉस्फेट बफरही नको, झिंक फॉस्फेट पाण्यात विरघळत नाही, तू घातलेलं झिंक तळाला बसेल आणि तुला वाटेल झिंकचा परिणामच नाही. ट्रिस बफर घे. पातळ एन्झाइम प्लास्टिकला चिकटू नये म्हणून सगळे बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, घालतात, पण अल्ब्युमिन झिंकला धरतं, रक्तात झिंक मुख्यतः त्याच्याच पाठीवर बसून फिरतं. तू बीएसए टाळ, चिमूटभर ट्वीन (साबणासारखं रसायन) घाल. आणि बफरमध्ये कुणी सवयीनं ईडीटीए, म्हणजे धातू धरून ठेवणारं रसायन, टाकलेलं नाही ना, हे बाटलीवरची चिठ्ठी वाचून नाही, स्वतः नवा बफर करून खात्री कर.

मीठ वाढव. साध्या मिठाचं प्रमाण १ मोलरच्या पुढं नेलं की पीएसए जास्त चपळ होतो. तरीही तो कायमोट्रिप्सिनच्या मानानं फारच मंद आहे, घाई करू नकोस. आणि आजच्या आज एक काम कर: त्याच सबस्ट्रेटवर कणभर कायमोट्रिप्सिन टाक. काही मिनिटांत पिवळं झालं तर सबस्ट्रेट आणि प्लेट रीडर दोन्ही ठीक. हा कंट्रोल पहिल्याच दिवशी लावायला हवा होता, एवढंच तुला रागावते.

कळंब्याची_पीएचडी (दुपारी १.१०)

काकू, कायमोट्रिप्सिन टाकलं. तीन मिनिटांत पिवळंधमक. दोन आठवडे मी सबस्ट्रेटवर, मशीनवर, स्वतःवर संशय घेत होते.

फेट्याचं सरांना सांगितलं. त्यांनी डेटाशीट मागून घेतली आणि बराच वेळ वाचत बसले.

मग मी नेमकं काय मागवू?

निवृत्त_लॅबवाली (दुपारी ३.४५)

दोन रस्ते आहेत. एक, माणसाच्या वीर्यातून शुद्ध केलेला नैसर्गिक पीएसए. हा मुबलक मिळतो, कारण वीर्यात तो मिलीलिटरला साधारण मिलीग्रॅमच्या घरात असतो, रक्तात असतो तो नॅनोग्रॅममध्ये. दहा लाख पटींचा फरक. त्याचं खरं काम तिथंच आहे: वीर्य बाहेर पडल्यावर आधी घट्ट होतं, सेमेनोजेलिन नावाच्या प्रोटीनच्या जाळ्यामुळं. पीएसए ते जाळं कापतो आणि पाऊण तासाच्या आत ते पातळ होतं. या नैसर्गिक मालात टॅग नाही, साखर जागेवर, टाके जागेवर. मात्र त्यातलाही सगळा चालू नसतो, साधारण तिसरा हिस्सा आतून कापला जाऊन निकामी झालेला असतो. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस तपासल्याचा दाखला मागून घे आणि तरीही हातमोजे घालूनच हाताळ.

दुसरा रस्ता, सस्तन प्राण्याच्या पेशीत बनवलेला रिकॉम्बिनंट. यात बऱ्याचदा कुलपासकट माल येतो, प्रो-पीएसए म्हणून. तो तुला स्वतः उघडावा लागतो. ट्रिप्सिननं उघडलास तर टीपीसीके (कायमोट्रिप्सिन बंद पाडणारं रसायन) लावलेलं ट्रिप्सिन घे, नाहीतर त्यात मिसळलेलं कायमोट्रिप्सिन तुझा सबस्ट्रेट कापेल आणि तू खोट्या पिवळ्यावर खूश होशील. उघडून झालं की सोयाबीनचा ट्रिप्सिन इनहिबिटर घालून ट्रिप्सिनला थांबव.

तुझ्या प्रश्नाला मी पहिला रस्ता घेतला असता.

इचलकरंजीकर (सायंकाळी ७.२०)

नमस्कार. मी यातला नाही, यंत्रमागाचा धंदा आहे. पीएसए शोधता शोधता इथं पोचलो. वडिलांचं वय ६८, लघवीचा त्रास होता म्हणून तपासणी केली, पीएसए ९.२ आलाय. चार दिवस घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. तुम्ही ज्या पीएसएच्या बाटलीबद्दल बोलताय ते औषध आहे का? ते दिलं तर वडिलांचा आकडा खाली येईल का? काही चुकीचं विचारलं असेल तर माफ करा.

पॅथॉलॉजी_मिरज (रात्री ८.५०)

दादा, माफी कसली. उलट बरं झालं विचारलंत.

ही बाटली औषध नाही. तिच्यावर "फक्त संशोधनासाठी" असं लिहिलेलं असतं, माणसाला ती द्यायची नसते. आणि पीएसए शरीरात कमी पडलाय म्हणून तो वरून द्यायचा, असा हा प्रकारच नाही. तुमच्या वडिलांच्या शरीरात तो बनतोच आहे, रक्तात नेहमीपेक्षा जास्त झिरपतोय इतकंच.

आता ९.२ बद्दल. पीएसए निरोगी प्रोस्टेट बनवतं, वयानं वाढलेलं बनवतं, सुजलेलं बनवतं आणि कॅन्सरचंही बनवतं. लघवीला जंतुसंसर्ग असेल, लघवी तुंबून नळी घातली असेल, तर आकडा वर जातो. म्हणून एका आकड्यावर कॅन्सर म्हणता येत नाही, आणि दुर्लक्षही करता येत नाही. ४ ही जुनी सीमारेषा आहे, ती ओलांडली म्हणजे पुढं तपासायचं, एवढाच तिचा अर्थ. संसर्ग निघाला तर तो बरा करून सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासतात. मोकळा पीएसए, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या प्रोटीनला न बांधलेला, एकूण पीएसएच्या किती टक्के आहे हेही बघतात, तो भाग जितका कमी तितका संशय जास्त. पुढं एमआरआय आणि गरज पडली तर बायोप्सी, हे युरोलॉजिस्ट ठरवतील. या आठवड्यातच त्यांची वेळ घ्या.

दोन गोष्टी त्यांना आवर्जून सांगा. वडील फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटवरच्या गोळ्या) घेत असतील तर काही महिन्यांत पीएसए निम्म्यावर येतो, म्हणजे दिसतो त्यापेक्षा खरा आकडा मोठा धरावा लागतो. आणि केसांसाठी वगैरे बायोटिनच्या जोरदार गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर आकडा खोटा कमी दिसतो. पुन्हा तपासाल तेव्हा शक्यतो त्याच लॅबमध्ये तपासा. हे आमच्या धंद्याच्या सोयीसाठी सांगत नाही. प्रत्येक किट वेगवेगळ्या अँटिबॉडीनं पीएसए पकडतं आणि आकडे तंतोतंत जुळत नाहीत. ते जवळ यावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं ९६/६७० क्रमांकाचं प्रमाण ठरवलं, त्यात ९० टक्के पीएसए अँटिकायमोट्रिप्सिन या रक्तातल्या प्रोटीनला बांधलेला आणि १० टक्के मोकळा. रक्तात बहुतेक पीएसए असाच बांधलेला असतो, तिथं त्याला काही कापता येत नाही. तुमच्या रिपोर्टवर तो किती आहे ते येतं, चालतो का ते येत नाही. वरच्या ताईंना नेमकं ते दुसरं मोजायचंय.

निवृत्त_लॅबवाली (रात्री १०.१०)

इचलकरंजीच्या दादा, डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलंय, मी त्यात भर घालणार नाही. फक्त माझ्या घरचं सांगते.

मी १९८३ पासून कोल्हापुरात एका लॅबमध्ये होते. तेव्हा आमच्याकडं पीएसए नव्हता. अमेरिकेत एफडीएनं पीएसए चाचणीला पहिली मान्यता दिली तीच १९८६ मध्ये, तीही झालेल्या कॅन्सरवर लक्ष ठेवण्यासाठी. आम्ही करायचो ॲसिड फॉस्फेटेज. तेही प्रोस्टेटमधलंच एन्झाइम. कॅन्सर हाडांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात ते वाढतं, हे गटमन दांपत्यानं १९३८ मध्ये दाखवलेलं. एक नळी साधी आणि एक नळी टार्टरेट घातलेली, अशा दोन लावायच्या. टार्टरेट म्हणजे आपल्या चिंचेतल्या आंबट आम्लाचंच मीठ. ते प्रोस्टेटचं एन्झाइम बंद पाडतं, बाकीच्यांतली बरीचशी चालू राहतात. दोन नळ्यांतला फरक म्हणजे प्रोस्टेटचा वाटा. रक्त काढून सीरम तसंच टेबलावर ठेवलं तर एन्झाइम तासांत मरायचं, म्हणून त्यात आम्ल घालून लगेच थंडीत ठेवायचं. लाइट गेली की आमची धावपळ सुरू.

माझे वडील गुळव्या होते. दोन वर्षं कंबर दुखते म्हणत होते. आम्ही सगळे म्हणायचो, गुऱ्हाळावर जन्म गेला, कंबर दुखणारच. १९८५ च्या दिवाळीनंतर त्यांचा नमुना लॅबमध्ये आला, मीच लावला. टार्टरेटच्या नळीत आणि साध्या नळीत इतका फरक मी त्याआधी बघितला नव्हता. पुन्हा लावला, पुन्हा तेवढाच. रिपोर्ट मी हातानं लिहिला आणि सही करायला डॉक्टरांकडं नेला, तेव्हा त्यांनी नाव वाचून मला खुर्चीत बसवलं.

ऑपरेशन करून पुरुष हार्मोन थांबवलं. हार्मोन काढून घेतलं की हा कॅन्सर मागं सरतो, हे हगिन्स आणि हॉजेस यांनी १९४१ मध्ये याच ॲसिड फॉस्फेटेजचे आकडे मोजून दाखवलं होतं, हगिन्सना १९६६ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. वडिलांचं दुखणं महिन्याभरात थांबलं. तीन वर्षं जगले, दोन गळीत हंगाम गुऱ्हाळावर खुर्ची टाकून बसले.

तुमच्या वडिलांचा आकडा तुमच्या हातात आहे आणि कंबर अजून दुखत नाही, असं धरते. वेळ आहे. ती वापरा.

आणि तुम्ही औषधाचं विचारलंत तो प्रश्न चुकीचा मुळीच नाही. २०१० मध्ये अमेरिकेत एका उपचाराला मान्यता मिळाली, सिप्युल्युसेल-टी. त्यात मी आयुष्यभर मोजलेलं तेच ॲसिड फॉस्फेटेज रिकॉम्बिनंट करून, दुसऱ्या एका प्रोटीनला जोडून, रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना लॅबमध्ये दाखवतात, म्हणजे त्या पेशींनी शत्रू ओळखावा. मग पेशी परत रुग्णाला देतात. प्रोटीन औषध म्हणून टोचत नाहीत, पेशींना ओळख पटवायला वापरतात. पसरलेल्या आणि हार्मोनला न जुमानणाऱ्या कॅन्सरमध्ये त्यानं सरासरी चारेक महिने वाढले. थोडे वाटतात. ज्याच्या घरचं माणूस आहे त्याला विचारा.

इचलकरंजीकर (रात्री १०.४०)

काकू, डॉक्टरसाहेब, उद्याच वेळ घेतो. वडिलांना तुमचं सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्या बाईंना नमस्कार सांग.

कळंब्याची_पीएचडी (अकरा दिवसांनी, रात्री ९.३०)

काकू, सांगितल्याशिवाय राहवेना.

पुण्यातल्या एका मैत्रिणीच्या लॅबमधून वीर्यातून काढलेला पीएसए थोडासा उसना मिळाला. महामार्ग आता मोकळा आहे, भाऊ स्वतः रात्रीच्या एसटीनं गेला आणि बर्फाच्या डब्यासकट सकाळी परत आला. ट्रिस बफर, दीड मोलर मीठ, ट्वीन, बीएसए नाही. शेजारच्या ओळीत माझी टॅगवाली जुनी बाटली, त्याच प्रमाणात.

पहिली वीस मिनिटं काहीच नाही. मी स्क्रीनकडं बघतच नव्हते. चाळिसाव्या मिनिटाला रेघ उचललेली दिसली, आणि तासाभरात डोळ्यांनी दिसेल इतका पिवळा. शेजारची टॅगवाली ओळ पाण्यासारखी. झिंक घातलेल्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) रंग दबला, त्यातच नंतर ईडीटीए घातलं तर परत चढला. तीन वेळा लावलं, तिन्ही वेळा तसंच.

सरांनी नव्या इंडेंटवर सही केली, आणि त्यावर "बिनटॅग, ॲक्टिव्हिटी छापलेला लॉट" असं स्वतःच्या हातानं लिहिलं. जुन्या बाटलीचं काय करू? अजून सात अलिकोट शिल्लक आहेत. टाकवत नाहीत.

निवृत्त_लॅबवाली (रात्री ९.५०)

टाकायच्या कशाला? वेस्टर्न ब्लॉटला त्या उत्तम आहेत, उकळलेल्या प्रोटीनला फेटा लागत नाही. पुढं पेशींवर काम करशील तेव्हा प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींपैकी एलएनसीएपी पेशी पीएसए बनवतात, पीसी-३ बनवत नाहीत, त्या दोन्हींच्या शेजारी पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ही एक ओळ चढव. पट्टी थोडी खाली येईल, कारण साखर नाही, हे वहीत आधीच लिहून ठेव, नाहीतर परीक्षक विचारेल.

फक्त आजच प्रत्येक नळीवर पक्क्या मार्करनं लिही: ई. कोलाय, पुढं टॅग, एन्झाइम म्हणून वापरू नये. तुझ्यानंतर त्या फ्रीजरमध्ये दुसरी कुणीतरी पोरगी हात घालणार आहे.

कळंब्याची_पीएचडी (रात्री १०.२०)

लिहिलं. सातही नळ्यांवर.